झाड कोणतं ते नंतर, आधी ते उभं कुठे आहे ते बघा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवाना झाडतोडीचा दंड एक हजारावरून पन्नास हजार रुपयांवर नेण्याचा निर्णय घेतला आणि कोकणातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गलका उडाला. 'परड्यातला फणस पाडलात तर पन्नास हजार', 'काजूची फांदी छाटली तरी पन्नास हजार', 'आता चुलीला लाकूडही मिळायचं नाही'. चाकरमान्यांनी मुंबईहून फोन लावले : गणपतीआधी घरामागचं झाड काढायचं ठरलंय, काढू की नको? गावात उत्तर तयारच होतं. "झाड माझा, जमीन माझी, सरकाराचा काय जाता?"

कोकणातून या वाढीला विरोध झाला आणि त्याला कारणही होतं. इथलं रान बहुतांशी खाजगी मालकीचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तर सरकारी वनजमीन अगदीच थोडी. विदर्भात झाडतोडीचा कायदा म्हटला की लोकांना सरकारी जंगल आठवतं, कोकणात मात्र तो थेट माणसाच्या सातबाऱ्यात शिरतो.

तरी दंडाच्या आकड्याने झालं काय, की बाकीचं सगळं झाकलं गेलं. झाडासाठी आपल्याकडे एकच एक कायदा नाही. पाच-सहा आहेत, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी झालेले. त्यातला कोणता लागू होणार हे बऱ्याचदा झाडापेक्षा त्याच्याखालच्या जमिनीवर ठरतं. एकाच वयाची, एकाच जातीची दोन आंब्याची झाडं घ्या. एक मालवण शहरात, दुसरं दहा किलोमीटरवरच्या वाडीत. पहिल्यासाठी नगरपरिषदेत जायचं, दुसऱ्यासाठी वनखात्यात. तोच आंबा 'राखीव वन' अशी नोंद असलेल्या जमिनीत असेल तर तालुक्यातला कुठलाच साहेब तुम्हाला सरळ परवानगी देऊ शकत नाही. देवराईत असेल तर आधी देवाला विचारावं लागतं आणि मग पुन्हा सरकारला.

म्हणून सुरुवात सातबाऱ्यापासून.

खेड्यातलं झाड : सोळा नावांची यादी

गावातल्या खाजगी जमिनीवरच्या झाडांना लागतो तो १९६४ चा झाडे तोडण्याचे विनियमन करणारा कायदा. हा सगळ्या झाडांना लागत नाही. त्याला एक यादी जोडलेली आहे, तिला अनुसूची म्हणतात. यादीत नाव असेल तर परवानगी हवी. त्या यादीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन, बिवळा, हेद, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि खाडीकाठची तिवर आहे.

ही यादी कोकणी माणसाने एकदा नीट वाचावी, कारण तिच्यात जे नाही ते जास्त बोलकं आहे. नारळ नाही. पोफळ नाही. काजू नाही. म्हणजे जुनी झालेली काजूची बाग काढून नवी कलमं लावायची तर या कायद्याचा तुमच्याशी संबंध येत नाही, ग्रुपवर कोणी काहीही लिहो. उलट ज्यांना आपण हात जोडतो ते वड-पिंपळही यादीत नाहीत. १९६४ साली यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक लाकूड, फळ आणि कात होता, सावली नव्हती. आंबा आणि फणस आहेत, आणि तंटे नेमके तिथेच होतात, कारण कोकणात प्रत्येक घराला एक फणस असतोच आणि तो नेमका घराच्या वाढीव खोलीच्या जागीच उभा असतो.

'तोडणं' म्हणजे फक्त कुऱ्हाड किंवा कटर मशीन असंही समजू नये. झाड जाळणं, बुंध्याभोवतीची साल सोलून ते उभ्याउभ्या वाळवणं, मुळाशी रसायन ओतणं हेही त्यातच धरतात. राबासाठी, म्हणजे भाताचं रोप करायची जमीन भाजायला, ऐन-किंजळीची कवळं (पानांसकट कोवळ्या फांद्या) दरवर्षी तोडली जातात, त्याने झाड मरत नाही, पुन्हा फुटतं. कायद्याचा रोख झाड जिवानिशी जाण्यावर आहे.

परवानगी देतो तो वृक्ष अधिकारी, गावाकडच्या व्यवहारात वनखात्याचा वनक्षेत्रपाल, लोक ज्याला आरएफओ म्हणतात तो. ग्रामपंचायतीचा दाखला अनेकजण परवानगी समजून खिशात ठेवतात. तो दाखला अर्जाला जोडायला फार तर उपयोगी पडतो, तोडीची परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीला नाही. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा आणि झाडांची यादी लागते. मग पाहणी होते, कोणतं झाड, घेर किती, कशासाठी तोडायचं हे लिहिलं जातं. झाड मेलेलं आहे, रोगट आहे, वाऱ्याने पडलंय, पूर्ण वाढलेलं आहे, घराला किंवा रहदारीला धोका आहे, ही कारणं चालतात. परवानगीबरोबर नवी झाडं लावण्याची अट येते.

कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात अर्ज अडतो तो सातबाऱ्यावरच्या नावांपाशी. कोकणातला एखादा सातबारा समोर धरून बघा : आजोबांच्या चार भावांची नावं, त्यांतल्या तिघांच्या वारसांची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची, दोघांपुढे वारस तपासाची नोंदच नाही, एक कुटुंब लालबागला, एक विरारला, एक बडोद्याला. सामाईक जमिनीतलं झाड तोडायचं तर सहहिस्सेदारांची संमती लागते. एक फणस काढायला सतरा सह्या! त्यात आत्याच्या मुलाशी बोलणं बंद झालेलं असतं. मग माणूस म्हणतो, मरू दे ती परवानगी, आणि शनिवारी रात्री झाड आडवं होतं. मला विचाराल तर विनापरवाना तोडीचं कोकणातलं मोठं कारण कायद्याचा धाक कमी आहे हे नाहीच. वारस नोंदी वेळेवर झाल्या तर निम्मे अर्ज आपोआप सुटतील, आणि हे काम वनखात्याचं नाही, महसूल खात्याचं आणि आपलं स्वतःचं आहे.

आणखी एक गुंता आहे. जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं, हे कोकणात नवलाचं नाही. १९४८ च्या कूळ कायद्यानुसार कुळाने स्वतः लावलेल्या झाडाचं फळ आणि लाकूड, कूळवहिवाट चालू असेपर्यंत, कुळाचं असतं. म्हणून 'इतर हक्क' हा रकाना वाचल्याशिवाय झाडाचा सौदा करू नये.

तोडायची परवानगी मिळाली, न्यायची कुठे मिळाली?

इथे बरेचजण फसतात. तोडीची परवानगी आणि लाकूड हलवण्याचा पास हे दोन वेगळे कागद आहेत. गाडीचं आरसी बुक तुमच्या नावावर आहे म्हणून लायसन्सशिवाय चालवता येत नाही, तसंच हे. पहिला कागद झाड पाडायला, दुसरा माल रस्त्यावर आणायला. हा दुसरा अधिकार १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातून येतो आणि नाक्यावर ट्रक थांबवला जातो तो याच कागदासाठी.

सगळ्या जातींना पास लागत नाही. निलगिरी, सुबाभूळ अशा लावलेल्या झाडांना सूट आहे. बांबूचं उदाहरण तर शिकण्यासारखं आहे. बांबू गवतवर्गीय असूनही २०१७ पर्यंत कायद्याच्या लेखी झाड होता. त्या वर्षी केंद्राने भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येतून तो वगळला, आणि वनाबाहेर लावलेला बांबू तोडायला-न्यायला या कायद्याची आडकाठी राहिली नाही. नंतर सिंधुदुर्गात लोक बांबू लागवडीबद्दल उत्साहाने बोलायला लागले यात नवल काय?

खैराचं मात्र उलट आहे. खैरापासून कात होतो, चिपळूणजवळचं सावर्डे कातासाठी पूर्वीपासून ओळखलं जातं. खैराला पैसा आहे, म्हणून त्याची चोरीही आहे आणि म्हणून त्याच्यावर कागदांचा पहाराही कडक आहे. कोणी तुमच्या रानातले खैर 'आम्ही बघतो सगळं' म्हणून उचलत असेल तर पास कोणाच्या नावावर निघाला, कोणत्या गटातून निघाला हे विचारा. माल पकडला गेला की ठेकेदाराचा फोन बंद होतो आणि चौकशी सातबाऱ्यावरच्या नावापाशी येते.

शहरातलं झाड : जितकं वय तितकी रोपं

रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या नगरपरिषदा आणि कणकवली, कुडाळ, दापोली, गुहागर अशा नगरपंचायतींच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा लागतो. इथे सोळा नावांची यादी नाही. ठरावीक जाडी-उंचीच्या वरचं कोणतंही झाड त्यात येतं, अगदी नारळसुद्धा. म्हणजे हद्दीच्या दगडाच्या अलीकडे नारळ काढायला अर्ज आणि पलीकडे नाही. नगरपंचायत नव्याने झाली की लोकांना हा बदल बरेचदा पहिला दंड होईपर्यंत कळत नाही.

अर्ज नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो. तोडीची सूचना वर्तमानपत्रात आणि खुद्द झाडावर लावावी लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. झाडावर खिळ्याने ठोकलेला तो ए-फोर कागद बहुतेकांना जाहिरात वाटतो. तो वाचा. मुदत जेमतेम सात दिवसांची असते.

२०२१ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरलं. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असा नियम आला : चाळीस वर्षांचं झाड गेलं तर चाळीस झाडं. एका प्रस्तावात दोनशेहून जास्त झाडं असतील तर विषय राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे जातो.

हिशेब कानाला गोड लागतो. पण कोकणातल्या छोट्या शहरात चाळीस झाडं लावायला मोकळी जागा आहे कुठे? ती गावाबाहेरच्या कातळावर लागतात, पहिल्या पावसात फोटो निघतो, आणि मे महिन्यात तिथे काय उरलंय हे बघायला कोणी जात नाही. नियमात लावलेली झाडं जगवण्याची जबाबदारी आहे. ती मोजायला माणूस नाही.

सातबाऱ्यावर 'वन' शब्द असेल तर

हा भाग किचकट आहे, पण ज्यांच्या जमिनीवर ही नोंद आहे त्यांच्यासाठी बाकीचा सगळा लेख एकीकडे आणि हा एकीकडे.

३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्रात खाजगी वनं संपादन करणारा कायदा अमलात आला आणि त्या दिवशी जी जमीन खाजगी वन होती ती सरकारजमा झाली. माणूस कसत राहिला, झाडं विकत राहिला, आणि पुढे कधीतरी सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन, राखीव वन' अशी नोंद उमटली. अनेकांना ती घर बांधायला कर्ज काढताना दिसली. बारा हेक्टरपेक्षा कमी जमीन असणाऱ्यांना ती परत मिळवण्याची वाट नंतर याच कायद्यात कलम २२-अ ने ठेवली आहे. आंबोली, चौकूळ आणि गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींच्या (जुन्या कबुलायतीवर गावाने सामाईक धरलेल्या) वादातही अशा नोंदींचा गुंता आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज प्रकरणात सांगितलं की जुन्या काळी नुसती नोटीस निघाली होती एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही, ती मालकाला बजावली गेली होती का आणि पुढे कारवाई झाली होती का हे बघावं लागेल. त्यामुळे अशी नोंद दिसली म्हणजे सगळं संपलं असं नाही, आणि कागद काढून बघितल्याशिवाय झाडाला हात लावण्याची सोयही नाही.

याच्या जोडीला १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन प्रकरणातला आदेश आहे. त्यात न्यायालयाने वनाचा अर्थ शब्दकोशातला घ्या म्हणून सांगितलं : मालक कोणीही असो, जमीन वन असेल तर १९८० चा वन संवर्धन कायदा लागू आणि वनेतर वापरासाठी केंद्राची परवानगी हवी. या ठिकाणी आरएफओकडे फणसासाठी अर्ज करण्याचा प्रश्नच वेगळा होतो.

खाडीकाठ : जिथे मालकीही चालत नाही

तिवर, चिपी, कांदळ, म्हणजे सगळं कांदळवन, यांना महाराष्ट्रात बाकी कुठल्याही झाडापेक्षा कडक संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तोडीला मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती पक्की केली. कांदळवन सरकारी जमिनीवर आहे की खाजगी हा प्रश्नच तिथे गौण ठरवला. कांदळवनापासून पन्नास मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा. सार्वजनिक हिताचा प्रकल्प असेल तर सरकारी यंत्रणांनासुद्धा न्यायालयाच्या दारात उभं राहावं लागतं. देखरेखीला २०१२ पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, आणि २०२० मध्ये पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवन वृक्ष झाला.

इतका कडकपणा का? लाटेचा आणि वादळाचा जोर पहिल्यांदा या मुळांवर येतो. कोळंबी, खेकडे, कालवं, माशांची पिल्लं याच चिखलात वाढतात, म्हणजे खाडीतल्या जाळ्यापासून बाजारातल्या टोपलीपर्यंत सगळं याच्याशी बांधलेलं आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, त्यातून चार पैसेही येतात.

तरीही एक तक्रार खरी आहे आणि ती उडवून लावू नये. अलिबाग-पेण पट्ट्यातल्या खारजमिनींत (बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या शेतात) बांधाला खांड पडली, ती वेळेत बांधली नाही, भरतीचं पाणी भातशेतीत शिरलं आणि चार-पाच वर्षांत तिथे तिवर उभी राहिली. आता शेतकरी म्हणतो : माझ्या आजोबांनी इथे भात पिकवला, बांध सरकारने दुरुस्त केला नाही, आणि तिवर काढायला गेलो तर गुन्हेगार मी! कायदा त्याला झाड काढू देत नाही. निदान शेतीचं नुकसान मोजून भरपाई द्यावी इतकी माणुसकी धोरणात यायला हवी, आणि त्याहीआधी बांध.

देवराई : आधी कौल, मग कागद

रत्नागिरीकडे देवरहाटी, सिंधुदुर्गात देवराई. कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे परवानगीची पद्धत आहे. देवळाच्या दुरुस्तीला वासा हवा तरी गुरव देवाला कौल लावतो, मानकऱ्यांसमोर गाऱ्हाणं घातलं जातं, आणि कौल डावा आला तर विषय तिथेच संपतो. त्यावर अपील नाही. वनखात्याला इतका धाक अजून जमलेला नाही.

पण बऱ्याच देवरायांची जमीन महसुली कागदावर सरकारी आहे. गावाला वाटतं देवाची, कागद म्हणतो शासनाची. म्हणून देवळाच्या जीर्णोद्धाराला गावाने एकमताने झाड काढलं तरी गुन्हा दाखल होऊ शकतो. 'देवाच्या कामाला काढलं' हा बचाव गावसभेत चालतो, पंचनाम्यात नाही. सध्या देवरायांना मोठा धोका आहे तो या जीर्णोद्धारांचाच : जुनं कौलारू देऊळ जाऊन सिमेंटचा सभामंडप येतो आणि त्याच्या पार्किंगला राई मागे सरकते.

दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला मात्र वेगळं घडलं. तिथल्या राईत जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, मायरिस्टिका स्वॅम्प. राज्य सरकारने २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली तिला जैविक वारसा स्थळ जाहीर केलं. गावाने जे देवाच्या नावाने राखलं, त्याला सरकारी कागदाचा टेकू मिळाला. आपल्या गावात अशी राई असेल तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने ठराव करून हा मार्ग विचारात घ्यायला हरकत नाही. समिती कागदावर बहुतेक पंचायतींत असते.

सावंतवाडी-दोडामार्गचं वेगळंच

या दोन तालुक्यांतल्या लोकांनी वरचं सगळं वाचून झाल्यावर हेही वाचावं. सह्याद्रीतल्या वाघांच्या आणि कर्नाटकातून उतरणाऱ्या हत्तींच्या जाण्यायेण्याचा हा पट्टा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इथे झाडतोडीला मनाई केली. २२ मार्च २०२४ च्या निकालात या पट्ट्यातली पंचवीस गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. त्याआधी २०२० मध्ये तिळारीचं सुमारे २९ चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव क्षेत्र झालं होतं. इथे डोंगरच्या डोंगर साफ करून रबर आणि अननस लावल्याचं कोणीही रस्त्यावरून बघू शकतो. न्यायालयाला मधे पडावं लागलं ते त्यामुळे.

'मी लावलं, मी वाढवलं, मग मीच का विचारू?'

हा सगळ्यात जोरदार आक्षेप, आणि मला तो अर्धा पटतो. महसूल कायदासुद्धा मान्य करतो की तुमच्या जमिनीतलं झाड तुमचं आहे. परवानगीने मालकी जात नाही, लाकूड आणि त्याचे पैसे तुमचेच. पण डोंगरउतारावरचं रान एकदम उतरवलं की माती खालच्या वाडीत येते आणि विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच तळाला जातं. नुकसान शेजाऱ्याचं होत असेल तर विचारणं आलंच.

पटणारा अर्धा भाग असा की कायदा लावणाऱ्यालाच शिक्षा करतो. बांधावर आपोआप उगवलेलं खैराचं रोप शेतकरी कोयत्याने आधीच उडवतो, कारण मोठं झालं की कटकट. ऐन-किंजळ खुंटापासून पुन्हा फुटतात आणि आठ-दहा वर्षांनी रान विकून मुलीचं लग्न किंवा घराचं छप्पर होतं, हे इथलं जुनं गणित आहे. त्याला आणि व्यापाऱ्याला एकच दंड लावला तर व्यापारी तो भावात धरून मोकळा होतो, शेतकरी मरतो. रान एकगठ्ठा घेऊन कटर लावणारा, फोंडा किंवा आंबा घाटाने ट्रक वर पाठवणारा माणूस वेगळा. दंड वाढवायचाच तर तो टनावर आणि ट्रकावर वाढवा. परड्यातल्या एका फणसासाठी साधा ऑनलाइन अर्ज आणि ठरलेली मुदत पुरे.

'महामार्गाला चालतं, आम्हालाच का नाही?'

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात दुतर्फाचे जुने वड गेले, ते सगळ्यांनी पाहिलं. तीही तोड कागदोपत्री परवानगीनेच झाली, बदल्यात झाडं लावण्याच्या अटीसह. म्हणजे कायदा तिथेही होता. फरक इतकाच की सामान्य माणसाला नियम 'नको' म्हणून अडवतो आणि प्रकल्पाला 'इतकी लावा' म्हणून सोडतो. हा राग रास्त आहे. त्यावरचा उपाय आपणही तोडावीत हा नसून लावलेल्या झाडांचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागणं हा आहे : कोणत्या जातीची, कोणत्या किलोमीटरला, आज किती जिवंत.

झाड घरावर झुकलंय, पाऊस तोंडावर आहे

मे अखेरचा हा नेहमीचा प्रश्न. झाड तुमचं असेल तर अर्जात 'धोकादायक' हे कारण स्पष्ट लिहा, फोटो जोडा, पोच घ्या. झाड शेजाऱ्याचं असेल आणि तो ऐकत नसेल तर तहसीलदार किंवा प्रांताकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, पडून इजा होईल अशा स्थितीतलं झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी मालकाला देऊ शकतात. १ जुलै २०२४ पूर्वी हेच कलम १३३ होतं, जुन्या कारकुनाला तोच आकडा पटकन कळेल. शेजाऱ्याचा माड कौलांवर नारळ टाकत असेल तरी हाच रस्ता आहे. गावात माडासाठी वनखात्याचा संबंध नसला तरी दुसऱ्याचा माड परस्पर तोडला की फौजदारी होते.

आणि वादळाने आडवं झालेलं? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात अशी झाडं असंख्य पडली. पडलेलं झाड घरच्या घरी वापरणं आणि विकायला बाहेर नेणं यांत फरक आहे. यादीतल्या जातीचं लाकूड विकायचं तर आधी वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या, पास काढा.

डोळ्यांदेखत तोड चालू असेल तर

कटरचा आवाज आला म्हणजे गुन्हाच चालू आहे असं नाही, परवानगी असू शकते. ती दाखवायला सांगा. तिच्यावर गट नंबर, झाडांच्या जाती आणि संख्या लिहिलेली असते, आणि तोडायच्या झाडांवर खात्याची खूण असते. सर्वाधिक फसवणूक इथेच : परवानगी एका गटातल्या वीस झाडांची, तोड शेजारच्या गटासकट दोनशेंची. कागद दाखवला जात नसेल किंवा जुळत नसेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, शहरात असाल तर नगरपरिषदेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

अंगावर धावून जाऊ नका, ट्रकाच्या आडवे होऊ नका. फोटो काढाल तो असा काढा की त्यात खुंट तर दिसेलच, पण मागे विजेचा खांब, घर, देवळाचा कळस असं काहीतरी ओळखीचंही येईल. नुसत्या खुंटांचे फोटो 'हे कुठल्याही रानातले असतील' म्हणून फाइलमध्ये पडून राहतात.